गावातून अर्ज, थायलंडमध्ये मुक्काम: डीटीव्ही व्हिसा ऑनलाइन कसा काढायचा

थायलंडने जुलै 2024 मध्ये ‘डेस्टिनेशन थायलंड व्हिसा’ सुरू केला. सगळे त्याला डीटीव्ही म्हणतात. लॅपटॉपवर काम करणाऱ्यासाठी तो सोयीचा आहे. मुदत 5 वर्षं, त्यात कितीही वेळा ये-जा करता येते आणि दर वेळी आत गेल्यावर 180 दिवस राहता येतं. जानेवारी 2025 पासून भारतातून हा अर्ज पूर्णपणे ऑनलाइन झाला. म्हणजे आर्वी, दर्यापूर किंवा ब्रह्मपुरीजवळच्या गावात बसूनही तो भरता येतो. पासपोर्ट कुरिअरने पाठवायचा नाही, व्हिसा चिकटवायलाही कुठे जायचं नाही. वाणिज्यदूतावासाने मुलाखतीला बोलावलं तर गोष्ट वेगळी, पण बहुतेकांना बोलावणं येत नाही.

फॉर्म भरायला तास-दीड तास पुरतो. अर्ज अडतात ते आधीच्या कागदांवर: नाव एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं, पैसे खात्यात कालच आलेले, पत्ता जुळत नाही. म्हणून प्रवासाच्या तारखेच्या चार-पाच महिने आधी तयारीला लागा. फॉर्मला हात सगळ्यात शेवटी.

हा व्हिसा कोणाला मिळतो

वय किमान 20 पूर्ण हवं. काम असं हवं की पगार किंवा मोबदला देणारा थायलंडच्या बाहेरचा आहे आणि काम इंटरनेटवरून होतं. नागपूर-पुण्यातल्या कंपनीचा घरून काम करणारा कर्मचारी चालतो, परदेशी ग्राहकांची कामं घेणारा फ्रीलान्सर चालतो, ऑनलाइन शिकवणी घेणाराही चालतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत किंवा तहसीलमध्ये नोकरी असेल तर ‘माझं काम दूरस्थ आहे’ हे पटवता येणार नाही, त्या वाटेला जाऊ नका. मुए थाईचा (थाई मुष्टियुद्धाचा) किंवा थाई स्वयंपाकाचा कोर्स दाखवूनही हाच व्हिसा मिळतो. पण नोकरीचे कागद पक्के असतील तर कोर्सचा वळसा कशाला?

एक अट ठळक लक्षात ठेवा. या व्हिसावर थायलंडमधल्या कंपनीचं किंवा तिथल्या ग्राहकाचं काम करता येत नाही, त्यासाठी वेगळा वर्क परमिट लागतो. तिथल्या हॉटेलचे फोटो काढून पैसे घेणं हेसुद्धा त्यात आलं.

अर्ज थायलंडच्या बाहेरूनच करायचा असतो. आधी पर्यटक म्हणून जाऊ आणि तिथे बसून डीटीव्ही काढू, हे होत नाही. आणि ज्या देशातून अर्ज करता त्या देशात तुम्ही प्रत्यक्ष असायला हवं.

आधी पासपोर्ट बघा

पासपोर्टची मुदत किमान 6 महिने उरलेली हवी, पण आमचा सल्ला त्याहून पुढचा आहे. दोन-अडीच वर्षांपेक्षा कमी उरली असेल तर आधी नवा काढा. ई-व्हिसावर पासपोर्टचा क्रमांक छापलेला असतो. 5 वर्षांचा व्हिसा काढायचा आणि मधेच पासपोर्ट बदलायचा, म्हणजे प्रत्येक विमानतळावर दोन-दोन पासपोर्ट दाखवून समजावत बसायचं. 36 पानी पासपोर्टची साधी फी 1,500 रुपये, 60 पानीची 2,000. तत्काळला वरून 2,000. सतत ये-जा करणार असाल तर 60 पानी घ्या, दर वेळी दोन शिक्के पडतात. विदर्भाचं काम नागपूरच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाकडे आहे. अपॉइंटमेंट घेताना नागपूरच्या सेवा केंद्राबरोबर जवळच्या टपाल कार्यालयातलं सेवा केंद्रही तपासा, तिथे कधी कधी लवकरची तारीख मिळते.

आता ईसीआरची गोष्ट, जी गावाकडच्या पोरांना हमखास आडवी येते. पासपोर्ट काढताना दहावी पास असल्याचा कागद जोडला नाही, तर पासपोर्टवर ‘ईसीआर’, म्हणजे ‘उत्प्रवास तपासणी आवश्यक’, असं पडतं. ईसीआर पासपोर्टवर नोकरीसाठी जाताना उत्प्रवास परवानगी लागणाऱ्या 18 देशांच्या यादीत थायलंड आहे. तुमची नोकरी भारतातच आहे हे खरं, पण विमानतळावर रात्री दोन वाजता हे सांगत बसण्यापेक्षा दहावीची सनद जोडून पासपोर्ट आधीच ईसीआरमुक्त करून घेतलेला बरा.

नाव: सगळ्यात जास्त घोळ इथेच

आपल्याकडे नाव तीन भागांचं: स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. कागदोपत्री त्याची मोडतोड होते. शाळेच्या दाखल्यावर आडनाव पहिलं, आधारवर शेवटी, बँकेत वडिलांच्या नावाचं फक्त आद्याक्षर. वानखडे आणि वानखेडे एकाच घरात असतात. राऊत हे आडनाव रोमन लिपीत तीन तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं. आपल्याला हे सवयीचं झालंय. मुंबईत बसलेल्या थाई अधिकाऱ्याला मात्र पासपोर्ट एकाचा आणि खातं दुसऱ्याचं वाटतं.

प्रमाण धरायचं पासपोर्टवरचं नाव. बँक खातं, नोकरीचं पत्र, पगाराच्या स्लिपा, पॅन, आयकर विवरणपत्र हे सगळं त्याच्याशी अक्षर न् अक्षर जुळवा. बँकेत केवायसी अर्ज देऊन नाव बदलून घ्यायला साधारण आठवडा लागतो आणि त्यानंतर निघणाऱ्या स्टेटमेंटवरच नवं नाव येतं, म्हणून हे काम सगळ्यात आधी. एखाद्या अक्षराचाच फरक असेल आणि वेळ नसेल तर ‘ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं इंग्रजीतलं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र जोडा. नाव पूर्णच वेगळं असेल, म्हणजे लग्नानंतर बदललेलं, तर राजपत्रातली नोंद किंवा विवाह प्रमाणपत्र लागेल. लग्न झालेल्या मुलींच्या बाबतीत पासपोर्ट माहेरच्या नावाचा आणि आधार सासरच्या, हा प्रकार फार. दोन्हीपैकी एक ठरवा आणि तेच पुढे चालवा.

पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल, म्हणजे सगळं नाव ‘गिव्हन नेम’मध्येच कोंबलेलं असेल, तर विमानाच्या तिकिटापासून व्हिसापर्यंत सगळीकडे अडतं. नवा पासपोर्ट काढतानाच ते दुरुस्त करून घ्या.

पैसे: 5 लाख बाहत, आणि ते कुठून आले

खात्यात किमान 5,00,000 थाई बाहत किमतीची रक्कम दाखवावी लागते. बाहतचा भाव पावणेतीन रुपये धरला तर ती 13,75,000 रुपये होते. भाव हलता असतो, म्हणून अर्जाच्या दिवशीचा दर बघून वर दहा टक्के जास्त ठेवा. हे पैसे थायलंडला पाठवायचे नाहीत, कुणाकडे जमाही करायचे नाहीत. तुमच्याच भारतीय खात्यात दिसले की झालं. ‘आमच्याकडे पैसे ठेवा, आम्ही दाखवतो’ म्हणणारा एजंट भेटला तर उठून या.

स्टेटमेंट किमान गेल्या 3 महिन्यांचं, जमलं तर 6 महिन्यांचं द्या. शेवटचा आकडा तर बघतातच, मधल्या दिवसांची शिल्लकही बघतात. सहा महिने खात्यात वीस-पंचवीस हजार आणि शेवटच्या आठवड्यात एकदम चौदा लाख, हे उसने आणलेले पैसे म्हणूनच वाचलं जातं. रक्कम तीन महिने खात्यात पडून राहू द्या.

मोठी रक्कम खरोखरच एकदम आली असेल तर तिचा माग द्या. शेतीच्या घरांत हे नेहमीचंच आहे. सीसीआयला (भारतीय कापूस महामंडळाला) कापूस घातला, सोयाबीन किंवा तूर बाजार समितीत विकली, संत्र्याचा बगीचा दिला, की दोन-चार लाख एका दिवशी जमा होतात. त्या विक्रीची पट्टी आणि खात्यातली ती नोंद शेजारी-शेजारी ठेवून एका ओळीचं इंग्रजी स्पष्टीकरण लिहा. पट्टी बहुतेक वडिलांच्या नावावर असते. मग वडिलांकडून तुमच्या खात्यात आलेली रक्कम ‘वडिलांची भेट’ म्हणून साध्या बक्षीस-पत्राने दाखवा, सोबत वडिलांचं स्टेटमेंट जोडा. तरीही मुख्य रक्कम तुमच्याच कमाईची दिसली तर अर्ज भक्कम होतो.

काय चालत नाही तेही बघा. सातबारा म्हणजे रोख पैसे नव्हेत, वावर दहा एकर असलं तरी. पतसंस्थेतली ठेव आपल्या गावात पत सांगते, पण परदेशी अधिकारी तिला बँक मानेलच असं नाही, ते पैसे शेड्यूल्ड, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या यादीतल्या, बँकेत वळवा. मुदत ठेव पूरक म्हणून दाखवा, मुख्य रक्कम बचत खात्यात ठेवा. पीककर्जाचं खातं जोडू नका, तिथे वजा शिल्लक दिसते. संयुक्त खातं टाळा, कारण त्यातले तुमचे किती हा प्रश्न उभा राहतो. शेअर आणि म्युच्युअल फंडाचं स्टेटमेंट हवं तर वरून द्या, त्यावर भिस्त ठेवू नका.

जिल्हा बँकेचं स्टेटमेंट बहुतेक वेळा मराठीत आणि डॉट मॅट्रिक्सवर फिकट छापलेलं येतं. शक्यतो इंग्रजी पीडीएफ देणाऱ्या बँकेचं खातं वापरा. त्याशिवाय शाखेतून इंग्रजीत, लेटरहेडवर, तारीख, सही आणि शिक्का असलेलं ‘बॅलन्स सर्टिफिकेट’ घ्या. अर्जाच्या दिवसापासून ते आठवड्याहून जुनं नको.

नेट बँकिंगवरून आलेल्या पीडीएफला पासवर्ड असतो. तसंच अपलोड केलं तर अधिकाऱ्याच्या स्क्रीनवर ते उघडतच नाही, आणि आठ दिवसांनी ‘स्टेटमेंट जोडलेलं नाही’ असा निरोप येतो. फाइल एकदा पासवर्ड टाकून उघडा, प्रिंटमध्ये जाऊन ‘सेव्ह ॲज पीडीएफ’ करा. नवी फाइल पासवर्डविना तयार होते. कागदावर छापून पुन्हा स्कॅन करू नका. चाळीस पानांचं स्कॅन वीस एमबीचं होतं आणि अक्षरंही धूसर येतात, मूळ पीडीएफ काही शे केबीत बसतं.

कामाचे कागद

नोकरी असेल तर कंपनीचं पत्र हा अर्जाचा कणा आहे. एचआरकडून जे छापील ‘टू हूम इट मे कन्सर्न’ मिळतं ते पुरत नाही. पत्रात एवढं स्पष्ट हवं: तुमचं पासपोर्टप्रमाणे नाव आणि पासपोर्ट क्रमांक, हुद्दा, रुजू झाल्याची तारीख, महिन्याचा पगार, काम पूर्णपणे ऑनलाइन होतं हे, थायलंडमधून काम करायला कंपनीची हरकत नाही हे, आणि पगार भारतातूनच मिळत राहील हे. सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा, कंपनीचा ईमेल आणि फोन हवेत. अधिकारी फोन करून विचारू शकतात, म्हणून त्या माणसाला आधी सांगून ठेवा. बऱ्याच कंपन्या ‘थायलंडमधून’ हा शब्द लिहायला कचरतात, करांची भानगड नको म्हणून. तिथे अडलं तर ‘भारताबाहेरून काम करण्यास परवानगी’ इतकं तरी मिळवा. सोबत नेमणुकीचा करार, 6 महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, फॉर्म 16 आणि कंपनीच्या नोंदणीचं प्रमाणपत्र. शेवटचा कागद लोक विसरतात आणि मग तोच मागवला जातो.

फ्रीलान्सर असाल तर पत्र द्यायला कोणी नसतं, त्यामुळे कागदांनीच चित्र उभं करावं लागतं. चार-सहा पानांचा पोर्टफोलिओ पीडीएफमध्ये बनवा: काय काम करता, कोणासाठी, कामाचे नमुने, वेबसाइट असेल तर तिचा पत्ता. त्याला दोन-तीन चालू करार आणि गेल्या 6 महिन्यांची बिलं जोडा. मग स्टेटमेंटमध्ये त्या बिलांच्या रकमा जिथे जमा झाल्या त्या ओळींवर पिवळी खूण करा. बिल क्रमांक 14 चे पैसे 9 तारखेला जमा, हे बोट ठेवून दाखवता आलं की अर्धं काम झालं. परदेशातून पैसे येत असतील तर बँकेकडून आवक रकमेची सूचना मागून घ्या. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) किंवा जीएसटी असेल तर तेही जोडा. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, तिचे हजार-दोन हजार कुणाला देऊ नका.

आयकर विवरणपत्रात एक खाचखळगा आहे. कलम 44एडीए खाली विवरणपत्र भरणाऱ्यांचं करपात्र उत्पन्न एकूण जमेच्या अर्धंच दिसू शकतं. खात्यात वर्षाला 12 लाख आणि विवरणपत्रात 6, हे परक्या अधिकाऱ्याला विसंगत वाटतं. अर्जासोबतच्या पत्रात एका ओळीत खुलासा करा, किंवा सनदी लेखापालाकडून छोटं प्रमाणपत्र घ्या.

या सगळ्यावर एक पानी इंग्रजी पत्र ठेवा: मी कोण, काम काय, पैसे कोण देतं, थायलंडमध्ये कुठे आणि साधारण किती दिवस राहणार, थायलंडमधल्या कुणासाठीही काम करणार नाही. रकमा लिहिताना आपला स्वल्पविराम सोडा. 13,75,000 असं लिहिलं तर परदेशी डोळा अडखळतो, 1,375,000 असं लिहा आणि पुढे ‘भारतीय रुपये’ हे शब्द घाला.

पत्ता आणि कुठला दूतावास

अर्ज भरताना देश भारत निवडला की दिल्लीचा दूतावास आणि मुंबई, चेन्नई, कोलकाता इथले वाणिज्यदूतावास दिसतात. महाराष्ट्रात राहणाऱ्यांसाठी मुंबई. नागपूरहून कोलकाता किंवा दिल्ली जवळ वाटली तरी तिकडे अर्ज टाकू नका. तो तपासायला घेतला जाणार नाही आणि फी परत मिळत नाही.

सध्या राहता त्या जागेचा पुरावा लागतो. गावच्या पत्त्याचं आधार असेल आणि तुम्ही गावातच असाल तर प्रश्नच नाही. वीजबिल चालतं, पण ते आजोबांच्या नावावर असतं हे विसरू नका. ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला मराठीत असतो, त्याचं इंग्रजी भाषांतर करून नोटरी करा. खरोखर हैदराबादला किंवा बंगळुरूला राहत असाल आणि फक्त आधार गावचं असेल, तर तिथला भाडेकरार लावून त्या भागाच्या दूतावासाकडे अर्ज करा. घर एका राज्यात आणि अर्ज दुसऱ्या, असं करू नका.

फॉर्म भरायला बसताना

अधिकृत संकेतस्थळ एकच, ‘थाईईव्हिसा डॉट गो डॉट टीएच’. शेवटी ‘गो डॉट टीएच’ नसेल तर ते सरकारी नव्हे. गुगलवर सगळ्यात वर जाहिराती येतात त्या खासगी एजंटांच्या, दिसायला सरकारीच.

मोबाइलवर फॉर्म उघडतो, पण भरू नका. लॅपटॉप घ्या. गावात लाईन कधी जाईल याचा भरवसा नसतो, तेव्हा लॅपटॉप पूर्ण चार्ज करून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बसा. वायफायचा राऊटर लाईनीबरोबर जातो, हॉटस्पॉट टिकतो. पहाटे किंवा रात्री उशिरा नेट मोकळं असतं. व्हीपीएन बंद ठेवा.

सेतू केंद्रात किंवा नेट कॅफेत बसावं लागलं तर दोन गोष्टी सांभाळा. खातं स्वतःच्या ईमेलवर उघडा. केंद्रचालक सवयीने स्वतःचा ईमेल टाकतो, मग कागद मागवल्याचा निरोप त्याच्या इनबॉक्समध्ये पडून राहतो आणि तुम्ही वाट बघत बसता. आणि निघताना त्या संगणकावरच्या तुमच्या पासपोर्टच्या, स्टेटमेंटच्या फाइली पुसून रीसायकल बिनही रिकामं करा.

आधी एक फोल्डर करा आणि फाइलींना इंग्रजीत साधी नावं द्या, क्रमांक घालून. देवनागरीतलं किंवा चिन्हं असलेलं नाव कधी कधी अपलोड होत नाही. प्रत्येक फाइल पीडीएफ किंवा जेपीजी, 3 एमबीच्या आत. अपलोडच्या रकान्याशेजारी मर्यादा लिहिलेली असते, तीच खरी मानायची. फोटो 6 महिन्यांच्या आतला, पांढऱ्या पार्श्वभूमीचा, चेहऱ्यावर सावली नसलेला. आधारवरचा फोटो कापून लावायचा नाही.

मग क्रम असा. खातं उघडताना ‘व्यक्ती’ हा प्रकार निवडा, ईमेलवर आलेल्या दुव्यावर जाऊन ते चालू करा, निरोप दिसला नाही तर स्पॅम बघा. नवा अर्ज सुरू करून राष्ट्रीयत्व, सध्याचा देश आणि मुंबईचा वाणिज्यदूतावास निवडा. व्हिसाच्या प्रकारात डीटीव्ही आणि उद्देशात ‘वर्केशन’ निवडायचं. चुकून पर्यटक व्हिसा निवडला तर पुढे तो बदलता येत नाही, नव्याने भरावं लागतं. पासपोर्टचं मुख्य पान चढवल्यावर काही माहिती आपोआप भरली जाते, पण ती तशीच मान्य करू नका. शून्य आणि ‘ओ’ची अदलाबदल होते, वडिलांचं नाव गळतं. जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, मुदत संपायची तारीख तीनदा वाचा.

पुढे नोकरीची माहिती, मिळकत, थायलंडमधला पत्ता आणि पोहोचायची तारीख. पत्त्यासाठी फुकट रद्द करता येईल असं हॉटेल पहिल्या दहा-पंधरा दिवसांसाठी बुक करा, वर्षभराचं घर आधीच घेऊ नका. विमानाचं पक्कं, परत न होणारं तिकीट व्हिसा हातात येईपर्यंत काढायचं नाही.

प्रत्येक पान भरलं की जतन करा, थोडा वेळ हात लावला नाही तर संकेतस्थळ बाहेर काढतं. पाठवण्याआधी सगळा अर्ज पीडीएफमध्ये उतरवून घ्या आणि दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या. एकदा पाठवला की तुम्हाला काही बदलता येत नाही.

फी आणि वाट बघणं

फी 10,000 बाहत धरून चाला. रुपयांतला आकडा दूतावास ठरवतो आणि तो गुगलवरच्या दराशी जुळत नाही. भारतातल्या अर्जांची फी सुरुवातीपासून दूतावास सांगेल त्या ऑफलाइन पद्धतीने घ्यायची व्यवस्था आहे. म्हणून अर्जाच्या पानावरची त्या वेळची सूचना नीट वाचा, तिथे सांगितलेल्याच मार्गाने भरा आणि पावती जपा. अर्ज नाकारला तरी फी परत नाही. पैसे पोहोचल्यापासून साधारण 14 कामाचे दिवस धरा. एप्रिलमध्ये 13 ते 15 तारखांना थाई नववर्ष सोंगक्रान असतं, त्याला आपल्याकडच्या सुट्ट्याही जोडून येतात, तेव्हा जास्त लागतात.

या दिवसांत रोज एकदा खातं आणि ईमेल उघडा. जादा कागद मागवले म्हणजे नकार नव्हे, हे लक्षात घ्या. काय मागितलंय तेवढंच, त्याच खात्यातून, दिलेल्या मुदतीत द्या. एका कागदाची मागणी आली म्हणून घाबरून दहा कागद चढवणारे खूप, त्यातून नवे प्रश्न निघतात. नाकारलाच तर कारण शोधा. बहुतेक वेळा पैशांचा माग, कंपनीचं पत्र किंवा फ्रीलान्सिंगचा पुरावा यांपैकी एक कमी पडलेलं असतं. ते न सुधारता दुसऱ्यांदा अर्ज करणं म्हणजे फी पाण्यात घालणं.

बायको-मुलांसाठी

नवरा किंवा बायको आणि 20 वर्षांखालची मुलं यांनाही डीटीव्ही मिळतो, पण प्रत्येकाचा अर्ज वेगळा आणि फी वेगळी. विवाह नोंदणी झालेली नसेल तर ती आत्ताच करून घ्या, गावात हे काम ग्रामपंचायतीतच होतं. लग्नपत्रिका आणि फोटो हा पुरावा नाही. मुलांच्या जन्मदाखल्यात एक जुनी खोड आहे: दवाखान्यातून नोंद गेली तेव्हा बाळाचं नाव ठेवलेलं नव्हतं, म्हणून नावाचा रकाना कोराच. असा दाखला निरुपयोगी. ज्या कार्यालयात नोंद आहे तिथे अर्ज देऊन नाव घालून घ्या आणि मराठी-इंग्रजी दोन्हीत असलेली प्रत मागा.

व्हिसा आल्यावर

ईमेलवर पीडीएफ येतं. नाव, पासपोर्ट क्रमांक, व्हिसाचा प्रकार आणि अनेकवेळा प्रवेश असल्याची खूण तपासा. चूक दिसली तर प्रवासाआधी कळवा, विमानतळावर ती दुरुस्त होत नाही. दोन रंगीत प्रती छापून घ्या.

मे 2025 पासून थायलंडला जाणाऱ्या प्रत्येकाला डिजिटल आगमन कार्ड ऑनलाइन भरावं लागतं. पोहोचण्याच्या 3 दिवस आधीपासून भरता येतं आणि ते फुकट आहे. त्याचे पैसे मागणारं संकेतस्थळ बनावट समजा.

तिकिटाचं म्हणाल तर मुंबईबरोबर कोलकात्याचाही भाव बघा. गोंदिया, नागपूर, वर्धा, बडनेरा, अकोला ही सगळी मुंबई-हावडा मार्गावरचीच स्टेशनं, आणि कोलकात्याहून बँकॉक अडीच तासांच्या आसपास.

निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा परदेशी वापर चालू करा, तो बंदच असतो. भारतीय सिम चालू ठेवा आणि रोमिंगवर एसएमएस येतो का ते तपासा. बँकेचा ओटीपी आला नाही तर खात्यात चौदा लाख असूनही हात बांधलेले राहतात. तिथल्या एटीएममध्ये परदेशी कार्डाला दर वेळी 220 बाहतच्या आसपास आकार पडतो, तेव्हा थोडे-थोडे काढू नका. थायलंडचं घड्याळ आपल्यापुढे दीड तास आहे. कंपनीची सकाळी दहाची मीटिंग तिथे साडेअकराला.

पोहोचल्यावर शिक्क्यावरची तारीख तिथेच, काउंटरवर वाचा. 180 दिवस त्या तारखेला संपतात, मनातल्या हिशेबाने नव्हे. चुकून कमी दिवसांचा शिक्का पडला असेल तर त्याच वेळी व्हिसा दाखवून दुरुस्त करून घ्या. मुदतीहून जास्त राहिलं तर दिवसाला 500 बाहत, कमाल 20,000 दंड, आणि नोंद राहते ती वेगळीच. 180 दिवसांनंतर एकदा मुदतवाढ मागता येते, पण ती देणं अधिकाऱ्याच्या हातात. बरेच जण देशाबाहेर जाऊन परत येतात आणि नवे 180 दिवस घेतात.

घरमालकाला तुमच्या राहण्याची नोंद 24 तासांत द्यावी लागते, त्याला टीएम 30 म्हणतात. घर घेण्याआधीच तो ती करतो का ते विचारा, पुढच्या प्रत्येक कामात तिची पावती मागतात. सलग 90 दिवस राहिलात तर इमिग्रेशनला पत्ता कळवावा लागतो, तो टीएम 47. पहिल्यांदा जाऊन, नंतर ऑनलाइन.

कराचं गणित सनदी लेखापालाबरोबर निघण्याआधी करा. एका कॅलेंडर वर्षात थायलंडमध्ये 180 दिवस किंवा जास्त राहिलात तर तुम्ही तिथले करनिवासी ठरता, आणि 2024 पासून मिळवलेलं परदेशी उत्पन्न तिथे आणलं तर ते कराच्या कक्षेत येतं. भारतात 182 दिवसांचा हिशेब एप्रिल ते मार्च चालतो, तिथला जानेवारी ते डिसेंबर. दोन्ही देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, पण त्याचा लाभ घ्यायचा तर मुक्कामाच्या तारखा कागदावर हव्यात. प्रत्येक शिक्क्याचा मोबाइलवर फोटो काढून तारखेच्या नावाने ठेवत जा.